सेरोटोनिनची गोष्ट खोटी निघाली, मग आईच्या गोळ्या कशाला चालू ठेवायच्या?

सांजवेळ :
घरचाच विषय आहे त्यामुळे जरा लांबेल, पण वाचा प्लीज. आमचं गाव निफाड तालुक्यात. २०२३ ला दिवाळीच्या आठ दिवस आधी बाबा गेले, हार्ट अटॅक. त्याला महिना होतोय न होतोय तोच ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली, आमचा लाल कांदा नेमका तेव्हाच निघत होता, भाव धाडकन खाली. सोसायटीचं कर्ज बाबांच्या नावावर, वारस नोंदीवर काकांनी हरकत घेतलेली, आणि या सगळ्यात आई एकटी घरात. संक्रांतीला मी पुण्याहून गेले तर फ्रीजमध्ये दुधाची चार पातेली, एकालाही विरजण नाही, सगळ्यांना वास सुटलेला. ही माझी आई, जी लग्नाला परगावी गेली तरी शेजारच्या काकूंना विरजणाची आठवण करून जायची. ओट्याजवळ नुसती उभी होती, कधीपासून उभी होती कोण जाणे.

डॉक्टरांकडे नेलं. पाच मिनिटांत आटपलं. "मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं केमिकल कमी झालंय, शुगरवाल्यांना गोळी लागते ना तशी यांना ही." एसिटॅलोप्रॅम १० एमजी, डिप्रेशनवरची गोळी, तेव्हापासून चालू आहे. तुमचे मिस्टर कधी गेले, घरात काय चाललंय, एक अक्षर विचारलं नाही हो.

आता मी वाचलं की २०२२ च्या जुलैमध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या जोआना मॉन्क्रिफ आणि इतरांनी तोवरचा सगळा अभ्यास एकत्र करून तपासला, तर सेरोटोनिन कमी असल्यामुळे डिप्रेशन येतं याला नीट पुरावाच सापडला नाही. म्हणजे आईला जे सांगितलं तेच खरं नाही. नवरा गेलाय, जमीन अडकलीय, आणि आपण तिला सांगतोय की तुझ्या डोक्यातलं केमिकल बिघडलंय. मला याचा खूप राग आलाय. पुढच्या महिन्यात गावी गेले की गोळी बंद करायची असं मी ठरवत आणलंय. तुम्हाला काय वाटतं?

खरवस :
ताई, अगदी बरोबर निर्णय. या गोळ्या म्हणजे सवय लावायचा धंदा आहे. मी स्वतः नोकरी गेली तेव्हा पार खचलो होतो, इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, त्यानंतर रोज पहाटे चालणं, सूर्यनमस्कार, आज ठणठणीत आहे. पूर्वी आपल्याकडे होतं का हे डिप्रेशन? आजीला अकरा बाळंतपणं, त्यात चार मुलं गेली, तिने कधी गोळी खाल्ली? माणसं भोवती होती, कामं होती, मन गुंतलेलं असायचं. आईंना पुण्याला घेऊन या, नातवंडांत राहू द्या.

निशाचर :
सांजवेळ ताई, प्लीज प्लीज अशी एकदम बंद करू नका. आधी हे सांगते मग बाकीचं.

मला २९ व्या वर्षी झालं. ना कोणी गेलं होतं, ना कर्ज होतं, चांगली नोकरी, चांगलं सासर. एक दिवस चहा करायला उभी राहिले, पातेलं गॅसवर, लायटर हातात, आणि पुढे काय करतात तेच सुचेना, म्हणजे आठवत नव्हतं असं नाही, हात उचलायला जे काही आतून लागतं ना तेच नव्हतं. नवरा उठून आला तेव्हा मी तशीच. पुढे तीन महिने मी रोज पहाटे साडेतीनला जागी व्हायचे आणि मनात एकच की मी नसले तर या सगळ्यांचं बरं होईल. हे दुःख नव्हतं. दुःख मला माहितीये, माझा भाऊ गेलाय लहानपणी, तेव्हा रडायचे, चिडायचे, भूक लागायची. यात काहीच नव्हतं.

गोळी सुरू केल्यावर पहिले दहा दिवस नुसती मळमळ, तोंड कोरडं, त्यात अजूनच घाबरल्यासारखं. चौथ्या आठवड्यात केव्हातरी शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि मला भूक लागली. इतकंच. त्यानंतर मी समुपदेशनाला जाऊ शकले, त्याआधी समुपदेशक काय बोलतात ते कानातच शिरत नव्हतं.

आणि खरवस, पूर्वी नव्हतं कसं म्हणता? "हाय खाल्ली", "झुरणीला लागली", "अंथरूण धरलं", हे शब्द कुठून आले मग? तुमच्या आजीसारख्या चार निभावल्या आणि ज्या नाही निभावल्या त्यांना बाहेरचं झालं म्हणून देवऋष्याकडे नेलं, नाहीतर विहिरीवर पाय घसरला असं सांगून विषय मिटवला. आमच्याच घरात आहे अशी एक आत्या, तिचं नावसुद्धा कोणी काढत नाही. आणि विपश्यनेचं म्हणाल तर गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये असं तेच लोक सांगतात, फॉर्ममध्ये तसं विचारतात.

खरवस :
तुमच्याबद्दल वाईट वाटलं ताई, खरंच. आत्याबद्दलही. पण तुमची केस वेगळी. इथे नवरा गेल्याचं दुःख आहे. शोकाला वेळ द्यायचा की त्याला आजार म्हणून शिक्का मारायचा?

रानवाटा :
मी अमरावतीकडचा, शेतकरी कुटुंबांसोबत काम करतो, त्यामुळे माझं मत बरंचसं सांजवेळ यांच्या बाजूचं आहे. आमच्याकडे ज्या घरात आत्महत्या झाली त्या घरातल्या बाईला गोळी देऊन परत पाठवतात आणि दारात सावकार उभाच. गोळीने सावकार जातो का? २०१५ मध्ये सरकारने १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, आशाताई घरोघरी जाऊन प्रश्न विचारायच्या, कल्पना चांगली, पण आशाताईला बाई सांगते की झोप लागत नाही, आणि झोप का लागत नाही तर बँकेची नोटीस. त्या नोटिशीचं काय करायचं हे कुठल्याच फॉर्मात नाही.

विश्राम नावाचा उपक्रम झाला होता आमच्या जिल्ह्यातल्या ३० गावांत. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली, मानसिक आधार, लागलं तर डॉक्टरांकडे पाठवणं, आणि सोबत सरकारी योजनांचं मार्गदर्शन. आधी डिप्रेशन असलेल्या १०० मधले जेमतेम ४ जण मदत घ्यायचे, दीड वर्षात ते २७ वर गेलं. बोलायला माणूस मिळाला की लोक येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून माझं म्हणणं, गरिबी, कर्ज, नवऱ्याची दारू, एकटेपणा याला केमिकलचं नाव देणं म्हणजे समाजाचा आजार माणसाच्या डोक्यात ढकलणं. मॉन्क्रिफ बाईंनी ते उघडं पाडलं ते बरंच झालं.

निशाचर :
रानवाटा दादा, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण एक सांगा, १०० पैकी २७, म्हणजे ७३ तरीही आलेच नाहीत ना? निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने, २०१५-१६ ला देशभर पाहणी केली त्यात डिप्रेशन असलेल्या दर १०० पैकी ८५ जणांना काहीच उपचार मिळत नव्हते. गोळी नाही, समुपदेशन नाही, काही नाही. अशा देशात गोळ्या नको गोळ्या नको असं सांगितलं की कोणाचं भलं होतं? माझ्यासारखी एखादी वाचते आणि डबी कचऱ्यात टाकते.

पायवाट_डॉक्टर :
ग्रामीण भागात दवाखाना आहे माझा, मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण रोज असे पेशंट बघतो.

पहिली गोष्ट, सेरोटोनिन कमतरतेची सरळसोट गोष्ट खरी नाही हे मान्य करू या, मीसुद्धा ती पेशंटना सांगितलेली आहे, कारण सोपी होती, आणि आजार म्हटलं की घरचे आळशी म्हणणं बंद करायचे. चूकच होती. पण त्यावरून गोळी निरुपयोगी ठरत नाही. उन्हात चक्कर आली, लिंबू सरबताने बरं वाटलं, म्हणून चक्कर लिंबू कमी पडल्यामुळे आली असं आपण म्हणत नाही, आणि तसं नाही हे कळल्यावर सरबत ओतूनही देत नाही. इतिहास बघितला तर औषधं आधी सापडली, कारणाची गोष्ट नंतर रचली. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर टीबीच्या हॉस्पिटलमध्ये इप्रोनियाझिड हे औषध टीबीसाठी देऊन बघत होते, महिनोन्‌महिने खाटेवर पडलेली माणसं हसाय-बोलायला लागली, भूक लागायला लागली. केमिकलच्या थिअऱ्या आल्या साठच्या दशकात.

मग गोळी किती काम करते? २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सिप्रियानी वगैरे संशोधकांनी ५२२ चाचण्या, १,१६,४७७ पेशंट, २१ औषधं असा हिशोब मांडला, सगळीच औषधं नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस निघाली, पण फरक बेताचा. ढोबळ बोलायचं तर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत खऱ्या गोळीने १०० पैकी ४० ते ६० जणांना बरं वाटतं, खोट्या गोळीने २० ते ४० जणांना. आणि त्यातल्या बहुतेक चाचण्या जेमतेम आठ आठवड्यांच्या, दोन वर्षं गोळी घेतली तर काय याचं उत्तर त्यात मिळत नाही. तेव्हा निशाचर ताईंना आयुष्य परत मिळालं हे खरं आणि शेजारच्या तिसऱ्या माणसाला त्याच गोळीने काहीच झालं नाही हेही तितकंच खरं.

रानवाटांना एवढंच म्हणेन की गोळीने सावकार जात नाही, बरोबर, पण जी बाई अंथरुणातून उठूच शकत नाही ती सावकाराशी बोलायला, तहसीलमध्ये खेटे घालायला कुठून बळ आणणार?

सांजवेळ, तुम्हाला तीन प्रश्न. गोळीच्या नावापुढे प्लस लिहिलंय का? आपल्याकडे अशा पुष्कळ गोळ्यांत सोबत क्लोनाझेपाम हे सवय लागणारं गुंगीचं औषध असतं, ते सोडवणं वेगळं प्रकरण. थायरॉईड आणि बी-१२ कधी तपासलंय का, त्यांच्या कमतरतेनेही असंच होऊ शकतं? आणि मुख्य म्हणजे गोळीने आईंना फरक पडला का, ते तुम्ही लिहिलंच नाहीये.

सांजवेळ :
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर थांबले.

प्लस नाहीये, साधी आहे. थायरॉईड, बी-१२ कधीच तपासलं नाही.

आणि हो, फरक पडला होता. सुरू करून पाचेक आठवडे झाले असतील, फोनवर बोलता बोलता म्हणाली थांब गं, विरजण लावायचं राहिलंय. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले होते तेव्हा. हे मी वर लिहायला हवं होतं, रागाच्या भरात लिहिलं नाही.

पण दुसरंही आहे. बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळे रडत होते, आई पिंडासमोर बसलेली, एकदम कोरडी. रात्री माझ्याशेजारी झोपली तेव्हा म्हणाली, "रडू येत नाही गं मला. येतंय येतंय असं वाटतं आणि गळ्याशीच थांबतं. तुझे बाबा काय म्हणत असतील." त्या वाक्याने मी हा धागा काढला खरं तर. सेरोटोनिन वगैरे नंतर वाचलं.

निशाचर :
ताई... हे मलाही झालेलं. माझी मुलगी पहिल्यांदा स्टेजवर नाचली आणि मला कळत होतं की आता ऊर भरून यायला पाहिजे, आणि नाही आला. मी डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी डोस कमी केला, हळूहळू परत यायला लागलं. इतकी वर्षं मी याबद्दल कुठे बोलले नाही कारण गोळीविरुद्ध बोललं की लोकांना बंद करायला निमित्त मिळतं. पण लपवायला नको होतं हेही पटतंय आता.

पायवाट_डॉक्टर :
हा गोळीचा माहितीतला परिणाम आहे, सगळ्यांना नाही पण बऱ्याच जणांना होतो, आणि पेशंट सांगत नाहीत कारण त्यांना वाटतं आपणच दगड झालो. आईंना सांगा की तुमचं प्रेम कमी झालेलं नाही, बहुतेक गोळीने भावना बोथट झाल्यात.

दोन वर्षं नीट गेली असतील तर गोळी कमी करण्याबद्दल विचारणं एकदम रास्त आहे. पण टप्प्याटप्प्याने, आठवडे-महिने घेऊन, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, भलभलती स्वप्नं, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, असं होऊ शकतं, आणि घरच्यांना वाटतं आजार उलटला. शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश, कारण डोस कमी असला तरी मेंदूवर त्याचा परिणाम बराच असतो, त्यामुळे ५ वरून शून्यावर उडी १० वरून ५ पेक्षा जड जाते. कधीही जगणं नको असं बोलल्या तर वाट बघत बसू नका, १४४१६ हा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि जवळच्या दवाखान्यात न्या.

खरवस :
आजीचं उदाहरण मागे घेतो. निशाचर ताईंचं वाचल्यावर आईला विचारलं, ती म्हणाली आजी दुपारी गोठ्यात जाऊन एकटीच बसायची, तासन्‌तास, कोणी हाक मारायची नाही असा घरात नियमच होता. मला माहीतच नव्हतं हे. तरी गोळी पहिल्यांदा नको, शेवटी, हे माझं मत अजून आहे.

पायवाट_डॉक्टर :
सौम्य डिप्रेशनमध्ये तुमचं मत फार चुकीचं नाही. ब्रिटनच्या नाईस या संस्थेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात, सौम्य असेल तर पेशंटने स्वतः मागितल्याशिवाय सरसकट गोळीने सुरुवात करू नका. गोव्यात तर सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या, छोटी छोटी कामं परत सुरू करायची, अडचणी सोडवायच्या, आणि ते पेशंट मध्यम ते तीव्र डिप्रेशनचे होते, तीन महिन्यांनी ६४ टक्के त्यातून बाहेर, नेहमीच्या उपचारात ३९. संगथ या गोव्यातल्या संस्थेचं काम आहे ते. पण निशाचर ताई ज्या अवस्थेत होत्या तिथे सूर्यनमस्कार घाल सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणणं. आणि माझ्या तालुक्यात असे समुपदेशक एकही नाहीत, ते कुठून आणू? गोळी मात्र मेडिकलमध्ये मिळते. पाच मिनिटांची तपासणी आणि गोळी हे बऱ्याचदा त्यामुळेच होतं, तुमचा राग मला कळतो.

रानवाटा :
ताई, एक राहिलं. वारस नोंदीचं पुढे काय झालं? काकांनी हरकत घेतली म्हणून ते तसंच पडून आहे का?

सांजवेळ :
पडूनच आहे. तलाठी म्हणतात आपसात मिटवा. आई दर वेळी म्हणते मी मेले की तुम्ही बघा. सोसायटीचे लोक वर्षातून दोनदा येऊन जातात.

रानवाटा :
आपसात मिटवा असं म्हणून नाही थांबवता येत. हरकत आली की तो तक्रारी फेरफार, म्हणजे वादातली नोंद, होतो आणि त्यावर सुनावणी घ्यावी लागते. बाबांचा मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, शपथपत्र, आधी दिलेल्या अर्जाची पोचपावती असेल तर ती, हे घेऊन जा आणि सुनावणी कधी ठेवताय ते लेखी विचारा. शक्य असेल तर आईंना सोबत न्या, त्यांच्या सहीने अर्ज द्या.

सांजवेळ :
पोचपावती बाबांच्या ट्रंकेत असेल. गुरुवारी सुट्टी टाकली आहे, सकाळी नाशिकला दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली, येताना तहसीलला जाऊ. आईला फोन करून सांगितलं. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, तुझ्या बाबांच्या सगळ्या पावत्या मी लावून ठेवते, कुठली कुठे आहे ते मलाच माहितीये.