सल्ला हवा: फक्त ज्वारीसाठी घरघंटी, बजेट 12 हजार (सांगली)

वसंतदादांच्या_गावची: नमस्कार मंडळी. मुलीला सिलिॲक निघालाय, म्हणजे गहू-जवातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन तिच्या आतड्याला सोसत नाही. रक्ताच्या तपासणीत टीटीजी वाढलेलं होतं, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. गहू, जव, रवा, मैदा, शेवया आयुष्यभर बंद. यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतं. पण कॉलनीतल्या गिरणीत आमच्या शाळू ज्वारीच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो आणि तेवढं पीठसुद्धा तिला बाधतं. म्हणून घरघंटी घ्यायचीय. तिच्यात गहू कधीच पडणार नाही. 12 हजारांच्या वर जमणार नाही. कुठली घेऊ?

मिरजेची_सून: आमच्याकडे फुल ऑटोमॅटिक आहे, 22 हजारांना पडली. एक एचपी मोटर. वर सनमायका असा की पाहुणे विचारतात, हे नवीन कपाट का? 12 हजारांत डबडं मिळेल. डोळे झाकून मोठीच घ्या.

जतचा_शाळू: घरघंटीत पोलादी पाती दाणा फोडतात आणि पीठ जाळीतून पडतं. त्याला दगडाची सर नाही. भाकरी थापताना कडा चिरतात. बाकी शाळू मात्र जतचाच घ्या.

भीमाकाठ: जतचा? मालदांडी खावी ती मंगळवेढ्याची. जीआय मानांकन कुणाला आहे ते बघा जरा.

जतचा_शाळू: मानांकन कागदाला असतं, चव जिभेला कळते.

भडंगवाला: सेकंडहँड घ्या की ताई. विश्रामबागेत 5-6 हजारांत चांगल्या मिळतात. मी घेतली, अजून चालतीय. आवाज करते, पण तेवढं काय.

डबेवाली: सेकंडहँड अजिबात नको! त्यात आधी गहूच दळलेला असणार. जाळीत, पात्यांच्या मागं, कोपऱ्यात पीठ अडकतं आणि घंटी काही धुता येत नाही. माझ्या नवऱ्याला हाच आजार आहे म्हणून सांगते. पोळपाट-लाटणं, चाळण, परात, तवा वेगळा करा. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबी उलटी करून घटक वाचा. सोया सॉसमध्येही गहू असतो. पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचं तर ग्लूटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत लागतं, असा आपल्याकडे नियम आहे. तो शिक्का असलेलंच घ्या.

आप्पा_तासगाव: आमच्या लहानपणी असले आजार नव्हते. संकरित गव्हानं वाटोळं केलं. पोरीला खपली घाला. खपलीत ग्लूटेन नसतं. आमच्या रानात आहे, पाहिजे तर सांगा.

डबेवाली: आप्पा, खपली हा गहूच. ग्लूटेन त्यातही आहे. एका लग्नात ‘खपलीची खीर चालते हो’ म्हणून यांना आग्रह केला आणि पुढचा आठवडा माणूस पोट धरून बसला.

आप्पा_तासगाव: खीर शिळी असेल.

अजिंक्यतारा: आमच्या साताऱ्यातल्या गिरणीत उपवासाचा दगड वेगळा आहे. त्यावर राजगिरा, वरी, साबुदाणा एवढंच. बहिणीसाठी विचारलं, यावर ज्वारी दळून द्या. मालकीण म्हणाल्या, एकादशीचा दगड बाटवायचा नाही. तुमची गिरणीवाली बरी असेल तर विचारून बघा.

मिरजेची_सून: म्हणूनच म्हणते, घंटी घ्या. मोठी.

डबेवाली: एक राहिलं. तुम्हा दोघांची आणि धाकटं कुणी असेल तर त्याचीही टीटीजी करून घ्या. जवळच्या रक्तात हा आजार जास्त निघतो. आणि रक्त द्यायच्या आधी गहू बंद करू नका, रिपोर्ट फसवा येतो.

भडंगवाला: भडंग चालतं ना पण? ते तांदळाचंच.

डबेवाली: चुरमुरे चालतात. फोडणीत हिंग कुठला, ते विचारा.

वसंतदादांच्या_गावची: सगळ्यांचे आभार. घंटी घेतली नाही. हिशोब केला तर पीठ एकटीपुरतंच लागतं, आम्ही बाकीचे चपाती खातोच. शिवाय ज्वारीचं पीठ चार दिवस पडलं की विरी जाते आणि भाकरी उचलेपर्यंत मोडते. सासूबाईंनी नवं दगडी जातं आणायला लावलं. घरातलं जुनं दिलं नाही, त्यावर गहू भरडलेला. पहिल्यांदा तांदूळ दळून टाकून दिले, पिठात कच येत होती. आता त्या खुंटा धरतात आणि लेक दाण्यांची वैरण घालते. उरलेल्या पैशांत वेगळा तवा, परात आणि घट्ट झाकणाचे डबे आले. धाकट्याचं रक्त सोमवारी देतोय.

मिरजेची_सून: जातं?? हात भरून आले की कळेल. आमच्या दुकानदाराचा नंबर ठेवा.

जतचा_शाळू: दगड तो दगडच! मी पहिल्यापासून सांगत होतो.

आप्पा_तासगाव: जातं आहेच तर थोडी खपली भरडून बघा.