इलेक्ट्रिक गाडीतील टक्केवारी आणि उरलेले अंतर : विश्वास कशावर ठेवावा?

प्रश्न : माझ्या गाडीत लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. मुंबईहून पुण्याकडे जाताना बोरघाटात पडद्यावरचे उरलेले अंतर (उरलेल्या चार्जवर गाडी आणखी किती जाईल याचा अंदाज) झपाट्याने घटते, बॅटरीच्या चार्जची टक्केवारी मात्र त्या मानाने सावकाश उतरते. यांपैकी खरे काय मानावे?

उत्तर १ : टक्केवारीच मानावी. नुकत्याच झालेल्या प्रवासातील वीजवापर पुढेही तसाच राहील असे धरून बहुतेक गाड्या अंतर सांगतात. त्यामुळे सुमारे ५५० मीटरच्या चढावर, जिथे १६०० किलोच्या गाडीला केवळ उंची गाठण्यासाठी जवळपास अडीच युनिट वीज लागते, तो आकडा कोसळणारच. लोणावळ्यानंतर तो सावरतो.

उत्तर २ : टक्केवारीही थेट मोजलेली नसते, हे आवर्जून सांगावेसे वाटते. या बॅटरीचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात जवळजवळ स्थिर, प्रति सेल (बॅटरीतील एक घटक) ३.२ ते ३.३ व्होल्ट, राहते, त्यामुळे त्यावरून चार्ज नेमका कळत नाही. म्हणून आत-बाहेर गेलेल्या विद्युतप्रवाहाचा हिशेब ठेवावा लागतो आणि त्यात चूक साचत जाते. ती दूर होण्यासाठी गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून १०० टक्के चार्जिंग करावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मी बहुधा ८० टक्क्यांवरच थांबतो. हे चार्जिंग घरच्या संथ चार्जरवर चालेल का?

उत्तर २ : अवश्य. शेवटच्या टप्प्यात सेलचा समतोल साधायला, म्हणजे सर्व सेल सारखे चार्ज व्हायला, त्यामुळे पुरेसा वेळ मिळतो.