लोकर-सुतळीचे पेन्सिल स्टँड: मुलांनी केलेल्यांचे अनुभव लिहा

काल कपाट आवरताना माझा शाळेतला पेन्सिलींचा डबा हाती लागला. पत्र्याचा डबा, वर निळी लोकर गुंडाळलेली. आजीने जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर होती ती. उसवलेली लोकर कुरळी येते, म्हणून आजी तिची लडी करून कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली हलकंसं वजन अडकवून वाळत टाकायची. मग मी डबा फिरवायचा, तिने लोकर सोडत जायची. खालचे वेढे तिच्या हाताचे, घट्ट. वरचे माझे, सैल. बोट फिरवलं की अजून कळतं. आता लेकीबरोबर करायचंय. मुलांच्या हातचे अनुभव सांगा. आपण करून दिलेले नकोत.

—

अगं, आमच्याकडे डिट्टो असाच होता! त्यात पेन्सिली कमी आणि सेफ्टी पिना जास्त 😀 लेकाला आणायला निघालेय, रात्री सविस्तर लिहिते.

—

पत्र्याचा डबा असेल तर आधी कड बघा. कापलेल्या कडेवर मी मास्किंग टेपचे दोन थर देते, त्याशिवाय मुलांच्या हातात डबा देत नाही. ग्लू गन तर नकोच. साधी गनसुद्धा गोंद १२० अंशांच्या आसपास तापवते, मोठी १९० पर्यंत. बोट भाजायला दोन्ही पुरेत. लहानग्यांना दुहेरी चिकटपट्टी सगळ्यात बरी. डब्यावर उभ्या पट्ट्या लावून ठेवायच्या आणि वरचा कागद एकेक करून काढू द्यायचा. जरा मोठ्यांना फेविकॉल चालतो. ओला असताना पांढरा दिसतो म्हणून मुलं घाबरतात, पण वाळला की पारदर्शक होतो.

—

आम्ही गुंडाळलं नाही, विणलं. कागदी कपाला वरून खाली उभे काप द्यायचे आणि लोकर एका पट्टीच्या पुढून, दुसरीच्या मागून न्यायची. पट्ट्या विषम हव्यात, सात किंवा नऊ. भाचीने हट्टाने आठच केल्या. दुसऱ्या फेरीला लोकर पुन्हा पहिल्याच पट्ट्यांच्या पुढून जायला लागली, वीण धरेचना. मी गप्प बसले होते. ती कप फिरवून फिरवून बघत राहिली, मग दोन पट्ट्या एकत्र चिकटवल्या आणि म्हणाली, "आता सात." त्या जाड पट्टीचा कप अजून तिच्या टेबलावर आहे. मला तो बाकी सगळ्यांपेक्षा प्रिय आहे.

—

^ भाचीला शाबासकी सांगा!! आठाच्या साताची गंमत गणिताच्या तासाला सांगणार उद्या.

—

सुतळी किती लागेल असं नेहमी विचारतात, म्हणून हिशोब देतो. डब्याचा व्यास साडेसात सेंमी धरला तर एक वेढा साधारण साडेतेवीस सेंमीचा. सुतळी दोन मिमी जाड आणि डबा दहा सेंमी उंच, म्हणजे पन्नास वेढे. पावणेबारा मीटर झाली, तेरा घ्या. मुलांकडून दोऱ्याने डब्याचा घेर मोजून घ्या, मजा येते त्यांना. दहा सेंमीपेक्षा बुटका डबा नको, नवी पेन्सिल साडेसतरा-एकोणीस सेंमीची असते, कलंडतो. पुठ्ठ्याचा असेल तर तळाशी गोट्या टाका.

—

माझ्या मुलाला दिसत नाही. त्याने तीन डबे केलेत. सुतळीचा खरखरीत, त्यात पेन्सिली. मऊ लोकरीचा, त्यात ब्रश. तिसऱ्यावर सुतळीला अंतराअंतराने गाठी मारून मग गुंडाळलीय, त्यात कात्री आणि पट्टी. गाठींची कल्पना त्याचीच. गुंडाळताना प्रत्येक वेढा नखाने खाली दाबत जातो, त्यामुळे मधे फट म्हणून राहत नाही. आता घरात कुणी वस्तू भलत्या डब्यात ठेवली की लगेच ओरडा बसतो.

—

गाठींचं वाचून डोळे भरून आले. त्याला खूप खूप प्रेम.

—

मांजर असलेल्या घरात काय करता? आमची बया, लोकरीचा गुंडा दिसला की संपलंच. सोफ्याखालून काढावा लागतो.

—

गुंडा आतल्या टोकाने सोडा, घरंगळत नाही. मांजराचं मात्र काही सांगता येत नाही 😀 पण लोकर तिच्या तोंडात जाऊ देऊ नका हं, पोटात गेली तर आतड्यात अडकते. काम झालं की डब्यात झाकण लावूनच ठेवा.

—

सकाळी पिनांचं लिहिणारी मीच. लेकाला ही सगळी चर्चा वाचून दाखवली, आता त्यालाही गाठींचा डबा हवाय. तो डावखुरा आहे, उलटीकडून गुंडाळतो. काही फरक पडतो का?

—

काहीच नाही. डबा उजव्या हाताने धरू दे, डाव्याने गुंडाळू दे. फक्त सुरुवातीचं टोक तळाशी नीट चिकटवून पूर्ण वाळू द्या, नाहीतर वेढे घसरतात. आणि सुतळीचे तंतू निघाले तर शेवटी कात्रीने वरवर छाटा.