मदत हवी आहे: भाच्याला कमांडो व्हायचंय. एनएसजी, पॅरा एसएफ की फोर्स वन?

नमस्कार मंडळी,

जरा घाईत लिहितेय. सैन्यात किंवा पोलिसांत असलेल्या, नाहीतर घरात कुणी असलेल्या सभासदांनी वेळ काढून उत्तर द्यावं ही कळकळीची विनंती.

माझा भाचा कॉलेजसाठी साताऱ्यात माझ्याकडे राहतो. यंदा बारावीला आहे, सतरा पूर्ण झालीत. त्याला कमांडो व्हायचंय, मग ते एनएसजीत (केंद्राचं दहशतवादविरोधी दल) असो, पॅरा एसएफमध्ये (लष्कराची स्पेशल फोर्सेस) असो की फोर्स वनमध्ये (महाराष्ट्र पोलिसांचं कमांडो दल). चार दिवसांचं खूळ म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. पहाटे उठून अजिंक्यताऱ्याचा रस्ता पळत चढतो, पाठीवर जुन्या सॅकमध्ये वाळू भरलेली असते. पट्टे रुतून खांद्यांवर वळ उठले तेव्हा मी ओरडले. तर दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने पट्ट्यांखाली टॉवेलच्या घड्या शिवल्या आणि वाळू तेवढीच ठेवली.

दादाची कोरेगाव तालुक्यात शेती आहे. यंदा आल्याचे बऱ्यापैकी पैसे झाले, ते मुलासाठी एका अकॅडमीत भरायचे असं त्याने ठरवलंय. त्यांचं पत्रक माझ्यासमोर आहे: 'बारावीनंतर थेट एनएसजी कमांडो, खास बॅच.' फी पुढच्या आठवड्यात भरायची आहे. मला ते 'थेट' खटकलं, म्हणून मिळेल ते वाचत बसले. समजलं ते मांडते, चुकत असेन तर सांगा.

एनएसजीत बाहेरून थेट भरती होतच नाही. १९८४ साली, ऑपरेशन ब्लू स्टारनंतर, हे दल उभं राहिलं, १९८६ मध्ये त्याचा कायदा झाला आणि ते गृह मंत्रालयाखाली येतं. तिथला प्रत्येक जण दुसऱ्या कुठल्या तरी दलातून प्रतिनियुक्तीवर आलेला असतो. ५१ आणि ५२ स्पेशल ॲक्शन ग्रुपमध्ये लष्कराचे जवान आणि अधिकारी, तर स्पेशल रेंजर ग्रुपमध्ये निमलष्करी दलांतले आणि पोलिसांतले. आधी आपल्या मूळ दलात तावूनसुलाखून निघायचं, मग हरियाणातल्या मानेसरला निवड आणि साधारण तीन महिन्यांचं मूळ प्रशिक्षण. त्यात टिकला नाही तर माघारी. टिकला तरी काही वर्षांनी परत आपल्या पलटणीत. मग बारावीच्या मुलाला ही अकॅडमी कुठल्या दाराने आत सोडणार आहे?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. भाचा आणि त्याचे मित्र सारखे 'कुठला कमांडो भारी' यावर वाद घालतात. पण ही दलं एका कामासाठी बांधलेलीच नाहीत. एनएसजीचं मुख्य काम म्हणजे ओलीस धरलेली माणसं जिवंत सोडवणं. एप्रिल १९९३ मध्ये अमृतसरला अपहरण केलेल्या विमानात शिरून त्यांनी १४१ प्रवासी सुखरूप बाहेर काढले. तिथे खोलीत किंवा विमानात पाऊल टाकल्यावर क्षणात ठरवायचं असतं की समोरचा अतिरेकी आहे की घाबरलेला प्रवासी. म्हणून त्यांच्या प्रशिक्षणात जवळून आणि अचूक नेमबाजी, इमारतीत शिरणं, बॉम्ब निकामी करणं यावर एवढा भर. पॅरा एसएफचं काम मुख्यतः शत्रूच्या मुलखात लहान तुकडीने शिरून घाव घालायचा आणि परत यायचं, सप्टेंबर २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकसारखं. काश्मीरच्या जंगलात दिवसचे दिवस दबा धरणं हेही त्यांचंच. त्यांची निवड म्हणूनच वेगळी: जवानाने स्वतःहून नाव द्यायचं, मग काही महिन्यांचं प्रोबेशन (चाचणीचा काळ), आणि त्यात कुठल्याही दिवशी 'मला जमत नाही' म्हणून निघून जायची मुभा. मरून रंगाची टोपी आणि बलिदान बिल्ला (पॅरा एसएफची खूण) हे सगळं नंतर.

नौदलाचे मार्कोस १९८७ चे, तेही नौदलातून स्वेच्छेने येणारे. थोडा वेगळा प्रकार हवाई दलाच्या गरुडचा (२००४). त्यांनी जवान थेट त्याच दलासाठी निवडायची पद्धत ठेवली आणि सुरुवातीचं प्रशिक्षणच ७२ आठवड्यांचं.

बाहेरच्या देशांचंही वाचलं, कारण एनएसजी उभारताना ब्रिटनचं एसएएस आणि जर्मनीचं जीएसजी ९ डोळ्यांसमोर होतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अतिरेक्यांच्या ओलीसनाट्यात इस्रायलचे ११ जण मारले गेले. सोडवायला गेलेल्या स्थानिक पोलिसांना असल्या कामाचं प्रशिक्षणच नव्हतं. त्यानंतर जर्मनीने जीएसजी ९ उभं केलं, आणि तेही लष्करात नाही, पोलीस दलात. पाच वर्षांनी मोगादिशूला विमानात घुसून त्यांनी आत अडकलेले सगळे ओलीस जिवंत सोडवले. उलट एसएएस हे ब्रिटिश लष्कराचं. तिथे आधीच नोकरीत असलेला सैनिक निवडीला उतरतो आणि वेल्सच्या डोंगरांत पाठीवर ओझं घेऊन एकटा चालत राहतो. कुणी ओरडत नाही, कुणी शाबासकीही देत नाही. वेळेची मर्यादा किती, हेसुद्धा बऱ्याचदा सांगत नाहीत. हे वाचून मी भाच्याला दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आत्या, मी तर घड्याळ लावूनच पळतो."

आता माझे प्रश्न. अग्निवीर म्हणून गेला तर चार वर्षांत पॅरा एसएफसाठी नाव देता येतं का, आणि पुढे कायम ठेवतात त्या २५ टक्क्यांत राहिला नाही तर केलेल्या कष्टांचं काय? की पोलीस भरतीतून फोर्स वनचा रस्ता धरावा, निदान घराजवळ राहील (हे वहिनीचं म्हणणं)? की आधी एनडीए (अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी)? दादा म्हणतो, "अधिकारी होणं आपल्यातलं नाही." मला ते पटत नाही, पण त्याला पटवायला हातात काही ठोस हवं. आणि सतराव्या वर्षी वाळू पाठीवर घेऊन चढ पळणं बरं का?

– आत्या_सातारा

निवृत्त_हवालदार:

ताई, पैसे भरू नका. तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. बारावीच्या पोराला एनएसजीत कोणी घालू शकत नाही. अकॅडमी फार तर भरतीचं मैदान आणि लेखी परीक्षा करून घेईल. १६०० मीटर धावणं, बीम (पुल-अप्स), नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग, एवढं तर गावातल्या पोरांबरोबर फुकट होतं.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, पॅरात नव्हतो. पण आपल्याकडच्या पोरांना माहीत असावं म्हणून सांगतो, आजची २१ पॅरा एसएफ ही पूर्वीची २१ मराठाच. १९९६ साली तिची स्पेशल फोर्सेस झाली. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक त्याच पलटणीचे. २०१५ मध्ये कुपवाड्यात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आलं. तेव्हा हा रस्ता आपल्या मातीला परका नाही.

आमच्या कंपनीतून प्रोबेशनला दोघे गेले होते. कंपनीत सगळ्यांत जोरात पळणारा परत आला, दुसरा टिकला. परत आलेला मला म्हणाला, पळण्याने नाही मोडलो. रात्री कधीतरी उठवायचे, पिठ्ठू (पाठीवरची सॅक) लावायचा, चालायला लागायचं, आणि किती चालायचंय हे कुणी सांगायचं नाही. झोप नाही, पोटात धड काही नाही, आणि तशात नकाशा वाचून रस्ता काढायचा. टिकलेला गडी मध्यम चालीचा, पण रात्री दोन वाजताही डोकं जागेवर असलेला. तुमचा भाचा घड्याळाचं बोलला ना, ते त्याने स्वतः पकडलं हे मला आवडलं.

वाळू आजपासून बंद. हाडं अजून भरतायत. गुडघा किंवा नडगी गेली तर मेडिकललाच बाहेर. नुसतं पळू दे, आठवड्यातून एक लांब चाल पुरे. आणि पोहता येतं का ते विचारा. भरतीत कुणी विचारत नाही, पण पुढे पाण्यात बरेच अडकतात.

अग्निवीरचं म्हणाल तर ऐकीव माहितीवर जाऊ नका. नियम बदलत असतात. कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयात स्वतः जाऊन विचारा.

मिरजकर:

पोलिसांबद्दल थोडंसं, आमच्या घरात खाकी आहे. फोर्स वन २६/११ नंतर, २००९ मध्ये उभी राहिली. त्या रात्री एनएसजीला दिल्लीहून यायला सकाळ उजाडली. नौदलाचे मार्कोस ताजमध्ये आधी पोहोचले, पण राज्याच्या हाताशी स्वतःचं असं दल नव्हतं. ती उणीव भरायला हे दल आहे. त्यासाठी माणसं महाराष्ट्र पोलिसांतूनच घेतात, म्हणजे आधी भरती, प्रशिक्षण, नोकरी, मग निवड. इथेही 'थेट' काही नाही. आणि वहिनींना सांगा, ते दल मुंबईसाठी आहे. घराजवळ राहणं त्यात बसत नाही.

एक मात्र मनापासून सांगायचंय. कसाबला जिवंत पकडून देणारे तुकाराम ओंबळे तुमच्याच जिल्ह्यातले, जावळीतल्या केडंब्याचे. कुठल्याही खास दलात नव्हते, सहायक उपनिरीक्षक होते, हातात काठी होती. भाच्याची निवड उद्या कुठल्या खास दलात झाली नाही तरी वर्दीतलं काम छोटं होत नाही, हे त्याला आत्ताच कुणीतरी सांगायला हवं.

वाईची_मास्तरीण:

आत्या, मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. एनडीए आधी, बाकी सगळं नंतर. साडेसोळा ते साडेएकोणीस एवढंच वय चालतं, वर्षातून दोनदा परीक्षा. म्हणजे त्याच्या हातात मोजक्याच संधी आहेत, आणि जवान भरतीचं दार त्यानंतरही उघडं असतं. लष्करासाठी आर्ट्स-कॉमर्सवालाही चालतो, पण गणिताचा ३०० गुणांचा पेपर चुकत नाही. दुसरा सामान्य क्षमता चाचणीचा ६०० चा. त्यातून निघाला की एसएसबीची (अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची) ९०० गुणांची मुलाखत, पाच दिवस चालते. तिथे गटात काम करताना मुलगा कसा वागतो हे बघतात. गावाकडची, घरची जबाबदारी उचललेली मुलं तिथे अजिबात मागे पडत नाहीत, हे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिलंय. दादांना हे नक्की सांगा.

अधिकारी झाला तर पॅरा एसएफसाठी तेव्हाही स्वतःहून नाव देता येतं. तीच निवड, तेच प्रोबेशन.

आणि एक करा, पैसे कुठेही भरायच्या आधी साध्या डॉक्टरांकडून रंगांधळेपणा, सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, कान हे सगळं तपासून घ्या. मुलं वर्षानुवर्षं तयारी करतात आणि मेडिकलला कळतं.

आत्या_सातारा:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काल दादा साताऱ्यात आला होता, त्याला सगळं वाचून दाखवलं. फी भरायची नाही हे ठरलं. हवालदार काकांचा २१ मराठाचा परिच्छेद त्याने दोनदा वाचायला लावला. एनडीएबद्दल अजून "बघू" म्हणतोय, पण अर्ज भरायला हरकत नाही म्हणाला, तेवढं मला पुरे. वाळू काढली. तपासणीसाठी शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कोल्हापूरला परीक्षा झाल्यावर जाऊ.

पोहता येतं, पण विहिरीत शिकलेलं, दम धरून लांब अंतर पोहायची सवय नाही. आणि गणित कच्चं आहे, विशेषतः त्रिकोणमिती. मास्तरीणबाई, बारावीचा अभ्यास सांभाळून एनडीएचं गणित कुठून सुरू करावं, ते जरा सविस्तर लिहाल का? साताऱ्यात पोहण्याचं नीट शिक्षण कुठे मिळतं, हेही कुणाला माहीत असेल तर कळवा.