गजकर्ण, नायटा आणि मेडिकलमधली ट्यूब: तुमचे अनुभव लिहा

पावसाळा लागला की जांघेत, काखेत, कमरेला खाज सुरू होते आणि लाजेपोटी डॉक्टरकडे न जाता लोक मेडिकलमधे जाऊन "खाजेचं मलम द्या" म्हणतात. घरातसुद्धा कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. काय लावलं, किती दिवस, परत आलं का, मोकळेपणाने सांगा.

माझं सांगते. परकराची नाडी बसते तिथे चट्टा आला, कड लाल आणि उठलेली, मधली कातडी साफ. साधं क्लोट्रिमाझोल (बुरशीवरचं मलम) दिवसातून दोन वेळा, चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर जागेलाही लावायचे. खाज लवकर थांबली तरी चट्टा गेल्यावर पुढे दोन आठवडे चालू ठेवलं. परकर उन्हात कडकडीत वाळवून मगच घालायचा. परत आलं नाही.

रानजाई:
माझ्या दिराला मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवसात खाज गायब, बंद केली की दुप्पट, मग परत तीच ट्यूब, असं वर्षभर चाललं आणि चट्टे मांडीपर्यंत उतरले. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. क्लोबेटासोल! म्हणजे स्टिरॉइड. त्याने खाज दबते, फंगस, म्हणजे गजकर्णाची बुरशी, मात्र आत पसरत राहते. जांघेतली कातडी पातळ होऊन लाल पट्टे उठलेत, ते आता जायचे नाहीत म्हणे. 2018 मधे सरकारने अशी स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एच मधे टाकली, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी सर्रास मिळतात. फार संताप होतो.

भातखाचर:
आमच्याकडे लावणीत चिखल्या सगळ्यांनाच. टर्बिनाफाईन लावतो, तेही बुरशीवरचंच मलम. पण आधी बोटांच्या बेचक्या फडक्याने नीट टिपून घ्यायच्या, ओल्यावर लावून उपयोग नाही.

उंबरठा:
लहान मुलांच्या डोक्यात गोल चट्टा पडून केस तुटत असतील तर मलमात वेळ घालवू नका, ते केसाच्या मुळाशी पोचत नाही. माझ्या लेकीला पोटातून औषध द्यावं लागलं, मग केस छान आले.

पेठकर:
हॉस्टेलला रूममधल्या एकाने लावून भागत नाही, ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांनी एकदम उपचार घ्या. टॉवेल, अंडरवेअर वेगळी. आमचं तेव्हाच थांबलं.

सांजवारा:
चट्टा गेला पण काळपट डाग राहिलाय. मलम चालू ठेवू का?

धागाकर्ती:
@सांजवारा, खाज नाही, खवले नाहीत, कड उठलेली नाही आणि चट्टा गेल्यावर मलमाचे दोन आठवडेही झाले असतील तर बहुतेक नुसता डाग असतो, हळूहळू फिकटतो. त्यावर गोरेपणाचं क्रीम लावू नकोस गं, काहींमधे तेच स्टिरॉइड असतं. आणि शुगर तपासली आहेस का? शुगर निघाली तर आधी डॉक्टरांना दाखव.