घरी वाळवलेली फळे : पूर्ण वाळली हे ओळखायचे कसे?

मागच्या हंगामात मी दोन किलो स्ट्रॉबेऱ्या वाळवल्या, बरणीत भरल्या आणि अकराव्या दिवशी ती सगळी बरणी टाकून दिली. वरून पाहता काप गडद लाल, सुरकुतलेले आणि हाताला कोरडे लागत होते. पण झाकण उघडताच आंबूस वास आला आणि तळाशी जिथे दोन काप एकमेकांना चिकटले होते, तिथे करड्या बुरशीचे तंतू दिसले. देठ काढण्यात, कापण्यात आणि रात्रभर उठून डिहायड्रेटरमधल्या (फळे वाळवण्याच्या यंत्रातल्या) ताटांच्या जागा बदलण्यात गेलेल्या वेळापेक्षा मला अधिक लागले ते हे, की चूक कुठे झाली याचा काहीच पत्ता लागत नव्हता. पुढे विचार करता दोन गोष्टी लक्षात आल्या. मी फक्त वरच्या ताटातले, तेही कडेचे पातळ काप तपासले होते. आणि सगळे काप कोमट असतानाच बरणीत भरून झाकण घट्ट लावले होते.

वाळवण्याच्या कृती पुष्कळ सापडतात. मात्र प्रत्येक कृतीत ‘वाळेपर्यंत ठेवावे’ असे एक वाक्य असते आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. म्हणून सर्वांना विनंती आहे की, आपण बेरी किंवा इतर फळे घरी वाळवली असतील, तर ती वाळली हे कशावरून ठरवले आणि तो अंदाज कधी चुकला, हे सविस्तर लिहावे.

* * *

माझेही सुरुवातीला असेच नुकसान झाल्यामुळे मी बोटांच्या अंदाजावर विसंबणे सोडले आणि वजनकाटा जवळ केला. हिशेब सोपा आहे. पिकलेल्या स्ट्रॉबेरीत सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे देठ काढून कापलेल्या एक किलो फळात घन भाग फक्त १०० ग्रॅम. घरी वाळवलेल्या फळात साधारण २० टक्के ओलावा राहिला तरी ते मऊ, चिवट राहते आणि टिकतेही. त्यामुळे वाळल्यावर वजन १२५ ग्रॅमच्या आसपास यायला हवे. काट्यावर १८० ग्रॅम दिसत असतील, तर स्पर्श काहीही सांगत असला तरी अजून ५५ ग्रॅम जास्तीचे पाणी आत आहे, हे निश्चित. द्राक्षांमध्ये पाणी सुमारे ८० टक्के असते, म्हणून तिथे एक किलोचे २५० ग्रॅम धरावेत.

फळ किती पिकले आहे त्यानुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात, त्यामुळे वजन जुळले तरी एखादा काप कापून पाहतोच. मी प्रत्येक ताटाचे रिकामे वजन आणि भरलेले वजन एका चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या दाराला चिकटवतो. खालच्या आणि वरच्या ताटात किती फरक पडतो, हे मला त्या चिठ्ठीमुळेच पहिल्यांदा कळले. एकाच वेळी सगळी ताटे बाहेर काढणे मी तेव्हापासून बंद केले.

* * *

ब्लूबेरीविषयी लिहिते. पहिल्या वेळी मी त्या धुऊन, पुसून तशाच अख्ख्या डिहायड्रेटरमध्ये ठेवल्या. चोवीस तासांनंतरही बऱ्याचशा टपोऱ्याच होत्या. एक मधोमध कापली, तर सुरीच्या पात्यावर जांभळ्या रसाची रेघ उमटली. या फळाच्या सालीवर मेणासारखा नैसर्गिक थर असतो आणि तो आतले पाणी बाहेर येऊ देत नाही, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

आता मी उकळत्या पाण्यात फळे साधारण अर्धा मिनिट बुडवते आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते. उजेडात धरून पाहिले की सालीवर केसासारख्या बारीक भेगा दिसतात. त्यानंतर फळे सुती कापडावर पसरून वरचे पाणी पूर्ण टिपून घेणे फार महत्त्वाचे आहे, नाहीतर तेच पाणी वाळवण्यात पहिले दोन तास जातात. (कापडाला पडलेला जांभळा डाग निघत नाही, म्हणून त्यासाठी एक वेगळे कापड ठेवावे.) असे केल्यावर माझ्या यंत्रात ५७ अंश सेल्सिअसला सुमारे सोळा तासांत फळे व्यवस्थित वाळली. अख्ख्या द्राक्षांनाही हीच रीत लागू पडते. स्ट्रॉबेरीला मात्र अशी जाड साल नसते, तिला हे करू नये. ती नुसती लिबलिबीत होते.

तपासताना मी दर वेळी पाच-सहा फळे वेगवेगळ्या जागांवरून उचलते, पूर्ण गार होऊ देते आणि मग अर्धी कापून दाबते. गार होऊ देण्याचे कारण असे की गरम फळ असते त्यापेक्षा अधिक मऊ आणि ओलसर लागते. कापलेल्या भागावर ओलाव्याची चमक दिसली नाही आणि दाबल्यावर काहीही पाझरले नाही, तरच ताट उतरवते.

* * *

माझी चूक उलट दिशेची होती. घाई होती, म्हणून जर्दाळूच्या अर्ध्या फोडी ओव्हनमध्ये ९० अंशांवर ठेवल्या. तीन तासांत त्या वरून इतक्या कडक झाल्या की काम संपले असे वाटले. चौथ्या दिवशी त्यांवर बुरशी आली.

तापमान फार असले की पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडते, पण आतले पाणी त्या वेगाने बाहेरच्या बाजूला येऊ शकत नाही. पृष्ठभाग मग कवचासारखा घट्ट होतो आणि ओल आतच कोंडली जाते. एकदा असे कवच धरले की नंतर तापमान कमी करूनही फारसा उपयोग होत नाही. फळांसाठी ५५ ते ६० अंश हीच मर्यादा पाळावी, असे माझे आता ठाम मत आहे. बऱ्याच ओव्हनचे सर्वांत कमी तापमानही याहून अधिक असते. तसे असल्यास दार थोडे उघडे ठेवून आत वेगळा तापमापक ठेवावा लागतो, वेळही डिहायड्रेटरच्या दुप्पट किंवा अधिक लागतो आणि वीज वाया जाते ती वेगळीच. घरात लहान मुले वावरत असतील तर उघड्या दाराचा धोका पत्करू नये.

* * *

मी फक्त उन्हात वाळवतो. त्यासाठी ३० अंशांहून अधिक ऊन आणि ६० टक्क्यांहून कमी आर्द्रता असे सलग काही दिवस मिळावे लागतात. ऊन कडक पण हवा दमट असेल, तर फळ वाळण्याआधी आंबते. याचा अनुभव अंजिरांच्या वेळी घेतला आहे. दिवस मावळण्यापूर्वी ताटे न चुकता घरात घ्यावीत, कारण रात्री हवा गार झाली की दिवसभरात गेलेला ओलावा पुन्हा फळात शिरतो. खाली अंथरायची जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घेऊ नये, कारण फळातल्या आम्लामुळे ते जस्त फळात उतरते.

फळे उत्तम वाळली तरी माझ्या एका डब्यात महिन्याभरात अळ्या झाल्या. उघड्यावर वाळवलेल्या फळावर किड्यांची अंडी असू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हापासून वाळलेली फळे पिशवीत बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये किमान ४८ तास ठेवतो आणि मगच डब्यात भरतो. त्यानंतर असा प्रकार झालेला नाही.

* * *

सफरचंद आणि केळी यांबाबत एवढेच सांगेन की रंगावरून वाळल्याचा अंदाज बांधू नये. चकत्या तपकिरी होतात त्या हवेशी संबंध आल्याने, फळातल्याच विकरांमुळे (एन्झाइम्समुळे). ओलावा किती उरला आहे याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही. लिंबाचा रस आणि पाणी समप्रमाणात घेऊन चकत्या दहा मिनिटे बुडवल्या की रंग बराचसा टिकतो. गंधकाची प्रक्रिया केल्याने रंग अधिक चांगला राहतो, परंतु माझ्या मुलाला दमा आहे आणि त्यातल्या सल्फाइट या गंधकाच्या संयुगामुळे दम्याच्या काही रुग्णांना त्रास होतो, म्हणून तो मार्ग मी स्वीकारलेला नाही. तपकिरी चकत्या आमच्या घरी आवडीने खाल्ल्या जातात. चकती दुमडून पाहावी. दुमडलेले भाग एकमेकांना चिकटले नाहीत तर ती वाळली.

* * *

रासबेरी अख्खी वाळवण्याचा नाद मी सोडला आहे. बिया तेवढ्या उरतात. त्याऐवजी गर गाळून ताटावर बोटाच्या पेराइतका नव्हे, तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड पसरते आणि त्याची पोळी वाळवते. कडा आधी वाळतात, म्हणून मधोमध बोट टेकवून पाहावे. खळगा पडला नाही, तर पोळी सोलायला तयार आहे.

* * *

सर्वांचे मनापासून आभार. या हंगामात मी काप ६ मिलिमीटर जाडीचे, शक्य तितके एकसारखे केले, वजनाची चिठ्ठी लावली आणि पूर्ण गार झाल्यावरच बरणी भरली, तीही दोन तृतीयांश. सर्व काप सारखे वाळत नाहीत. बरणी आठ-दहा दिवस रोज हलवत राहिले की अधिक कोरडे काप कमी कोरड्या कापांतला ओलावा शोषून घेतात आणि सगळे एका पातळीवर येतात. या काळात काचेवर बाष्प दिसले तर फळ पुन्हा यंत्रात टाकायचे असते. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीच्या खांद्यापाशी आतून मोहरीएवढे पाच-सहा थेंब दिसले. मागच्या वर्षी ते नक्कीच असणार, पण मी बरणी कपाटात ठेवून दिली होती. या वेळी सगळे काप पुन्हा तीन तास यंत्रात ठेवले. वजन १४१ ग्रॅमवरून १२८ वर आले. आज नववा दिवस आहे, काच स्वच्छ आहे आणि बरणी हलवली की काप सुटे वाजतात.

आता चेरीची वेळ आहे. बी काढून अख्खी वाळवावी की अर्धी करून, याचा अनुभव कोणाकडे असल्यास जरूर लिहावा.