मदत हवी आहे : सीलंटवर वॅक्स लावताना मधे किती थांबायचं?

मंडळी, गाडी गडद निळी हॅचबॅक, मुक्काम रत्नागिरी. शेड नाही, अंगणात उभी असते. खारा वारा बारा महिने, शिवाय मे महिन्यात आंब्याचा चीक. आणि जांभळं खाऊन वटवाघळं जे काही टाकतात ते वेगळंच. पाऊस लागायच्या आत आधी सिंथेटिक सीलंट (गाडीच्या रंगावर बसणारा कृत्रिम संरक्षक थर) आणि त्यावर कार्नौबा वॅक्स (ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं मेण) असे दोन थर द्यायचा विचार आहे. दोन्ही आणून ठेवलंय. (सिरॅमिक कोटिंग सुचवू नका, तेवढं बजेट नाही.)

सीलंट आधी, हे पटलंय. अडचण पुढची. बाटलीवर लिहिलंय की लावल्यावर 12 तास पाणी लागू देऊ नका. इथे संध्याकाळी वळीव कधी गाठेल सांगता येत नाही. मग दोन-तीन तासांतच वर वॅक्स चढवलं तर चालेल का? शिवाय दिवाळीत गॅरेजवाल्याने वॅक्स मारलं होतं. ते शाम्पूने निघेल, की क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवावाच लागेल?

प्रतिसाद १
घाई नको. पेस्ट वॅक्समध्ये सॉल्व्हंट असतं, कच्च्या सीलंटवर ते चोळलंत तर खालचा थर बिघडू शकतो. एका रात्रीपुरती कुणाची तरी शेड मागा. सीलंट ओलं असताना गाडीवर कव्हर घालू नका, घासतं.

जुनं वॅक्स साध्या शाम्पूने पूर्ण जाईलच असं नाही. धुवा, भरपूर लुब्रिकंट घेऊन क्ले फिरवा, मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. पॉलिश करणार असाल तर ते क्लेनंतर, आणि अल्कोहोल त्याच्याही नंतर, कारण पॉलिशचं तेल मागे राहतं. पत्रा हाताला गार लागेल तेव्हाच सीलंट लावा, अगदी पातळ. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, पुसताना हात मात्र भरून येतात.

आणि डब्यावर ‘क्लीनर वॅक्स’ लिहिलं नाही ना, बघा. त्यात घासणारे कण किंवा क्लीनर असतात. आदल्या दिवशीचं सीलंट तेच काढून टाकेल.

प्रतिसाद २
माझं मत थोडं वेगळं. कार्नौबा साधारण 82 ते 86 अंशांना वितळतं, आणि उन्हात गडद बॉनेट चांगलंच तापतं. तिथे वॅक्स सीलंटच्या आधी जाणार. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सीलंटचाच दुसरा हात द्या, सुटलेल्या जागा भरून निघतील. वॅक्स गणपतीत लावा, चकाकीसाठी. वटवाघळांचं मात्र दोन्हींनी भागत नाही. दिसल्याबरोबर पाणी टाकून भिजवा आणि न घासता उचला.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. डबा पाहिला, साधं वॅक्स आहे, गणपतीसाठी ठेवून देतो. शेजारच्या काकांची शेड शनिवारी मिळतेय. बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर सीलंट लागलं तर पांढरे डाग राहतात ना? तिथे काय लावू?

प्रतिसाद १
मास्किंग टेप. रंगाच्या दुकानात मिळते.